हिरडीचं ग्राफ्ट आणि सोबत लेझरचा प्रकाश: कधी घ्यावा, कसा घ्यावा

सदाशिव पेठेतल्या हिरड्यांच्या एका दवाखान्यात मी सतरा वर्षं असिस्टंट आहे. ट्रे लावणं, सक्शन धरणं, टाक्यांचा धागा कापणं आणि ऑपरेशन झालं की पेशंटला घरी काय करायचं ते समजावून सांगणं, हे माझं काम. यातलं शेवटचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ग्राफ्ट, म्हणजे सरकलेल्या हिरडीच्या जागी लावायचा नवा तुकडा, डॉक्टर बसवतात, पण तो धरतो किंवा सुटतो पेशंटच्या घरी. माझ्या स्वतःच्या तोंडात अशी दोन ऑपरेशनं झाली आहेत. पहिलं २०१८ मध्ये, खालच्या पुढच्या दातांना. तेव्हा आमच्याकडे लेझर नव्हता. दुसरं २०२२ मध्ये, वरच्या डाव्या सुळ्याला आणि त्याच्या मागच्या दाताला. तेव्हा होता.

हल्ली आठवड्यातून दोघं-तिघं तरी विचारतात, "ताई, ते लाल लाइटवालं करता का तुमच्याकडे? त्याने हिरड्या परत जागेवर येतात ना?" नाही येत. हिरडी एकदा दाताच्या मुळावरून सरकली की कोणत्याही प्रकाशाने ती परत चढत नाही. मूळ झाकायचं तर तिथे नवी हिरडी आणून बसवावी लागते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच तोंडातल्या टाळूतून घेतात. प्रकाश त्या ऑपरेशनच्या जोडीने दिला तर त्याचा उपयोग आहे. पण तो कुठे आणि किती, हे समजून पैसे भरलेत तर फसल्यासारखं वाटणार नाही.

आधी हिरडी का सरकली ते शोधा

आमच्या डॉक्टर मॅडम पहिल्या भेटीत ग्राफ्टचं नावही काढत नाहीत. आधी पेशंटच्या हातात ब्रश देतात आणि म्हणतात, "घरी घासता तसं घासून दाखवा." निम्मं निदान तिथेच होतं. कडक ब्रश मुठीत धरून आडवा खसाखसा फिरवणारी माणसं मी रोज बघते. मीही त्यातलीच होते. मी उजव्या हाताने घासते, त्यामुळे डाव्या बाजूच्या सुळ्यावर जोर जास्त पडायचा. तिथलीच हिरडी सर्वांत जास्त सरकली होती, चार मिलिमीटर. थंड पाण्याचा घोट घेतला की कानशिलापर्यंत सणक जायची.

मुळशी, वेल्ह्याकडून येणाऱ्या बायकांमध्ये मिश्री अजून आहे. भाजलेली तंबाखू बोटाने हिरडीवर चोळायची, तीही दिवसातून तीन-चारदा. चोळण्याने हिरडी झिजते, तंबाखूने तिथला रक्तपुरवठा बिघडतो. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ यांनीही दाताच्या मानेशी खाच पडते. काहींच्या दातांवर इतकं दगडासारखं कीटण असतं की हिरडीला चिकटून बसायला जागाच उरत नाही. काहींचा दात मुळात रांगेच्या बाहेर असतो आणि त्याच्यावरचं हाड पातळ असतं. काहींच्या ओठाची आतली दोरी हिरडीला सारखी ओढत असते.

हे कारण तसंच ठेवून ग्राफ्ट केलं तर पैसे आणि टाळूची कातडी दोन्ही वाया. म्हणून आधी सफाई, मग मऊ ब्रश, मग चार-सहा आठवडे थांबून परत मापणी. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी. मिश्री, गुटखा, विडी-सिगारेट बंद. ही अट मी मनापासून सांगते, कारण तंबाखू चालू असलेल्या तोंडात सुंदर बसवलेलं ग्राफ्ट काळं पडून निघून आलेलं मी पाहिलं आहे आणि त्या मावशींचा चेहराही मला आठवतो.

मापणी झाली की डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: दोन दातांच्या मधलं हाड शाबूत आहे का? ते शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता चांगली असते. मधलं हाडच खाली गेलेलं असेल तर काही भाग झाकला जाईल, पूर्ण नाही. हे एक्स-रेवर आधीच कळतं. आणि एक फोटो काढून ठेवा. मोबाइलचा चालेल, पण ओठ दोन्ही बोटांनी नीट बाजूला करून, खिडकीच्या उजेडात. सहा महिन्यांनी आठवणीवर विसंबता येत नाही.

कोणतं ग्राफ्ट, त्यावर प्रकाशाचा उपयोग ठरतो

ही गोष्ट फार कमी जण समजावून सांगतात, म्हणून इथे जरा थांबते.

एका प्रकारात टाळूचा पातळ तुकडा वरच्या कातडीसकट काढतात, साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचा, आणि जिथे हिरडी उरलेली नाही तिथे शिवतात. टाळूवर उघडी जखम राहते. गरम भांड्याचा चटका बसून कातडी सोलावी तशी. ती खालून भरत भरत बंद व्हायला दोन ते चार आठवडे घेते. माझं पहिलं ऑपरेशन हे होतं. नवी हिरडी आजही शेजारच्या हिरडीपेक्षा फिकट आहे, ठिगळासारखी दिसते, पण खालच्या ओठाआड असल्यामुळे मला तिचं काही वाटत नाही.

दुसऱ्या प्रकारात टाळूची वरची कातडी झाकणासारखी उचलून आतला थर तेवढा काढतात आणि झाकण परत शिवून टाकतात. तो थर मुळावर ठेवून तिथली हिरडी त्यावर ओढून घेतात. रंग जुळतो, टाळू कमी दुखते. पुढच्या वरच्या दातांना बहुतेक हेच करतात. माझं दुसरं ऑपरेशन हे.

आता प्रकाश. त्याचा जो परिणाम अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे तो टाळूच्या उघड्या जखमेवर: पहिल्या दिवसांतलं दुखणं कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जखमेवर कातडी लवकर धरलेली. मूळ जास्त झाकलं जातं का, यावर निकाल एकसारखे नाहीत. काहींत पूर्ण झाकल्या गेलेल्या दातांची संख्या जास्त आली, काहींत काहीच फरक आला नाही, आणि बहुतेक अभ्यास थोड्या पेशंटवर झालेले आहेत. म्हणून माझा सल्ला साधा आहे. पहिल्या प्रकारचं ग्राफ्ट होणार असेल तर प्रकाशासाठी खर्च करावासा वाटणं योग्य आहे. दुसऱ्या प्रकारचं असेल तर तो जमला तर घ्या, नाही जमला तर रुखरुख नको. "प्रकाशाने मूळ नक्की शंभर टक्के झाकेल" असं कुणी सांगितलं तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

माझ्याच दोन अनुभवांवरून लेझरची बाजू मांडावी असं मला वाटत नाही. पहिल्या वेळी टाळू नऊ दिवस दुखली, दुसऱ्या वेळी तीन दिवस. पण पहिली जखम उघडी होती, दुसरी शिवलेली. फरकातला किती भाग प्रकाशाचा, हे माझ्या तोंडावरून ठरत नाही.

हा प्रकाश नेमका आहे काय

१९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. त्यानंतर सातच वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी केस काढलेल्या उंदरांवर मंद लेझर टाकला. त्यापासून अपाय होतो का हे त्यांना पाहायचं होतं, आणि झालं असं की त्या उंदरांचे केस लवकर उगवले. या उपचाराची सुरुवात तिथून. आज त्याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून लो लेव्हल लेझर थेरपी असतं.

पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारे जे बारीक कारखाने असतात, त्यांतलं एक प्रथिन लाल आणि त्याच्या पलीकडचा न दिसणारा प्रकाश शोषून घेतं, असं यामागचं मुख्य स्पष्टीकरण आहे. पेशीला जास्त ऊर्जा मिळते, सूज आवरते, जखम भरणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. दातांच्या दवाखान्यात साधारण ६३० ते ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचे लेझर यासाठी वापरतात. आमचा ८१०चा आहे. तो डोळ्यांना दिसतच नाही. जो लाल ठिपका दिसतो तो फक्त नेम धरायला असतो. म्हणून ठिपका दिसत नाही म्हणजे मशीन बंद, असं कधी समजू नका.

तीन गोष्टींची गल्लत होते. दातात भरलेलं सिमेंट कडक करायचा निळा दिवा वेगळा, त्याचा जखमेशी संबंध नाही. हिरडीत निळं औषध घालून त्यावर लेझर टाकतात तो जंतू मारण्याचा उपचार वेगळा. आणि ज्या लेझरने हिरडी कापतात तेही वेगळं, जरी कित्येकदा मशीन तेच असलं तरी. कापताना ताकद एक-दोन वॅटच्या घरात असते आणि टोक बारीक असतं. जखम भरण्यासाठी ताकद कितीतरी कमी आणि टोक रुंद असतं. कापण्याच्या सेटिंगवर मशीन राहिलं तर नवं ग्राफ्ट भाजेल. आमच्याकडे म्हणूनच सेटिंग एकाने लावायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं असा नियम आहे. तुमच्या समोर तसं वाचलं गेलं नाही तर "किती ठेवलंय?" असं विचारायला संकोच करू नका.

मात्रा विचारून लिहून घ्या

औषधाची चिठ्ठी असते तशीच प्रकाशाचीही असावी. पाच गोष्टी लिहून मागा: किती नॅनोमीटर, किती ताकद, एका जागी किती सेकंद, किती जागांवर, किती दिवस. हिशेब अवघड नाही. ताकद गुणिले सेकंद म्हणजे ऊर्जा. ०.१ वॅटचा प्रकाश ४० सेकंद दिला की ४ ज्यूल. तो एक चौरस सेंटिमीटरवर पसरला तर तेवढ्या जागेला ४ ज्यूल मिळाले. हिरड्यांच्या जखमांना वापरल्या जाणाऱ्या मात्रा बऱ्याचदा याच आसपासच्या असतात.

"जास्त वेळ धरा ना ताई, पैसे दिलेत" असं म्हणणारे खूप भेटतात. इथे जास्त म्हणजे चांगलं नाही. थोड्या मात्रेने पेशी जागतात, फार मात्रेने उलट सुस्तावतात, हे प्रयोगांत स्पष्ट दिसलेलं आहे. ४० सेकंद म्हणजे ४०. मी घड्याळ लावूनच धरते.

खर्च विचारताना प्रत्येक बैठकीचा वेगळा की ऑपरेशनच्या पैशांत धरलेला, हेही विचारा. पुण्यात डेंटल कॉलेजांतही हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पातलं रंगूनवाला अशी कॉलेजं आहेत. तिथे एमडीएस, म्हणजे दातांच्या शिक्षणातली पुढची पदवी, करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ग्राफ्ट करतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. वेळ मात्र हाताशी ठेवून जावं लागतं. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांना मी स्वतः तिकडे पाठवलं आहे.

तारीख ठरवताना

प्रकाश एकदा देऊन भागत नाही. आमच्याकडे ऑपरेशन संपताच एकदा, आणि पुढे पहिल्या आठवड्यात एकाआड एक दिवस, म्हणजे आणखी तीन वेळा. प्रत्येक वेळी काम पाच-सात मिनिटांचं, पण यावं लागतं. तोंड सुजलेलं असताना हिंजवडीहून पेठेत येणं किती जड जातं ते येणाऱ्यालाच कळतं. म्हणून तारीख घेताना पहिलीच नाही, चारही दिवसांचा विचार करा.

गणपतीच्या दहा दिवसांत मी शक्यतो कुणाला तारीख देत नाही. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता संध्याकाळी बंद, रिक्षा आत येत नाही, आणि पेशंट गर्दीतून धक्के खात येतो. घरी नैवेद्याचं ताट समोर असताना मऊ भात खाऊन राहणं तर फारच कठीण. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दोन दिवसही टाळा. स्वतः गाडी चालवत येऊ नका, निदान पहिल्या दिवशी तरी. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घट्ट बसतो आणि खालच्या ओठाची ओढ थेट टाक्यांवर येते. हे मला २०१८ मध्ये स्वतःवरून कळलं. त्यानंतर मी यांना सोबत घेऊन रिक्षानेच गेले.

ऑपरेशनआधी पोटभर जेवून या, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि आमचे डॉक्टर बोलून ठरवतील. चालू औषधांची पूर्ण यादी द्या. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी शरीर प्रकाशाला हळवं होतं, म्हणून लेझरआधी ते माहीत हवं. आणि तोंडात पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, न उघडणारा जबडा असं काही असेल तर ते लपवू नका. तंबाखू खाल्लेल्या तोंडात अशा जागेची तपासणी झाल्याशिवाय तिथे लेझर टाकायचा नाही. हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही.

खुर्चीवर

भूल दिलेली असते, ओढ जाणवते, दुखत नाही. टाके झाले की टाळूवर ओलं गॉझ (जखमेचं जाळीदार कापड) दाबून रक्त पूर्ण थांबवतात आणि मगच प्रकाश. रक्ताचा थर वर असेल तर प्रकाश तिथेच अडतो.

सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा: तुमच्या, डॉक्टरांच्या, माझ्या. तो साधा गॉगल नसतो, त्या लेझरच्या नॅनोमीटरचा आकडा त्यावर छापलेला असतो. डोळे मिटून घेतले म्हणजे झालं असं नाही. चष्मा नाही दिला तर मागून घ्या.

मग टोकावर स्वच्छ पारदर्शक आवरण चढवून एकेका जागी प्रकाश देतात. टाळूवर टोक अगदी जवळ, ग्राफ्टवर मात्र न टेकवता, किंचित वर. टाळूवर संरक्षणाची प्लास्टिकची पट्टी बसवलेली असेल तर पुढच्या बैठकींत ती आधी काढायला सांगा. काहीही जाणवत नाही. काहींना किंचित ऊब लागते. चटका बसला तर लगेच हात वर करा. आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या काळसर असतात. तो काळसर रंग प्रकाश जास्त शोषतो आणि तिथे गरम लवकर होतं, म्हणून तुमची जाणीव इथे महत्त्वाची.

पहिले तीन दिवस

माझे वडील हडपसरला नर्सरीत गुलाबाची कलमं बांधायचे. कलम बांधलं की कुंडीला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. "हललं की गेलं," एवढंच म्हणायचे. ग्राफ्टचं तंतोतंत तसंच आहे. टाळूतून काढलेल्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन-तीन दिवस तो खालच्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. मग बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरू लागतात, आणि आठवड्या-दीड आठवड्यात ते नातं पक्कं होतं. त्या आधी तुकडा अर्धा मिलिमीटर जरी सरकत राहिला तरी त्या वाहिन्या तुटतात. कितीही ज्यूल प्रकाश दिला तरी हललेलं ग्राफ्ट धरत नाही.

म्हणून ओठ ओढून आरशात बघू नका. नातेवाइकांना दाखवू नका. व्हिडिओ कॉलवर बहिणीला तर मुळीच नाही. जीभ लावून चाचपू नका. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, पचकन थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. लाळ गिळा किंवा मान वाकवून सोडून द्या. बाहेरून गालाला बर्फाची पिशवी, दहा-पंधरा मिनिटं लावायची, तेवढीच थांबायची, पहिला दिवसभर. दोन उशा घेऊन झोपा. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आधी घ्या, ठणका सुरू झाल्यावर नाही. लेझर दिलाय म्हणून गोळी चुकवू नका.

खाण्याचं सांगते. पहिल्या दिवशी थंड किंवा कोमट: दही, ताक, नाचणीचं सत्त्व, मिक्सरमधून काढलेलं वरण. दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात तूप घालून, मऊ मुगाची खिचडी, शिरा, उकडून कुस्करलेला बटाटा, पिकलं केळं. विरुद्ध बाजूने खायचं. पोहे मऊ वाटतात, पण त्यातला एक शेंगदाणा टाळूवर बसला की डोळ्यांत पाणी येतं. चकली, भाकरवडी, शेव, चुरमुरे, भाकरीचा कडक पापुद्रा, तिखट रस्सा हे सगळं तीन आठवडे बंद. चहा लागतोच, मलाही लागतो, तो गार करून प्या.

तोंड धुण्यासाठी क्लोरहेक्सिडिनचं औषध देतात. दुसऱ्या दिवसापासून दोनदा तोंडात घेऊन मान हळू हलवायची आणि सोडून द्यायचं, खळखळायचं नाही. त्याने चव जाते, दात तपकिरी दिसू लागतात आणि चहाने ते आणखी वाढतं. घाबरू नका, सफाईत निघून जातं. बाकीचे दात रोजच्यासारखे घासा, पण टूथपेस्ट आणि हे औषध यांत अर्धा तास ठेवा. ग्राफ्टच्या जागी ब्रश डॉक्टर सांगेपर्यंत नाही, साधारण दोन आठवडे तरी.

टाळूतून रक्त आलं तर

हा फोन रात्री येतो. थुंकीत लाली असणं पहिल्या दिवशी चालतं. ताजं लाल रक्त तोंडात साचत असेल तर सरळ बसा, गॉझ पाण्यात भिजवून घट्ट पिळा, घडी करून जखमेवर ठेवा आणि अंगठ्याने वर दाबा. पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ बघून, मध्ये एकदाही न काढता. दर दोन मिनिटांनी उचलून बघितलं की साकळलेल्या रक्ताची गाठ सुटते आणि परत पहिल्यापासून. गॉझ नसेल तर भिजवून गार केलेली चहाची पिशवी चालते. दोनदा असं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, फोन लागला नाही तर जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडी विभागात जा. सकाळची वाट बघू नका. टाळूत एक धमनी आहे, तिच्याशी दिरंगाई चालत नाही. इथे लेझरचा काहीही उपयोग नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी टाळूवर पिवळट पांढरा थर दिसतो. तो पू नाही. जखम भरताना तो येतोच, खरवडू नका. ग्राफ्टही आधी पांढरट दिसतं, मग वरचा पापुद्रा निघतो आणि खालून लाल-गुलाबी होतं. खरी काळजी कधी करायची? तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, ताप आला, वास मारू लागला, किंवा तुकडा सैल होऊन हलताना दिसला तर.

घरी वापरायचे लाल दिवे

ऑनलाइन तोंडात धरायचे लाल दिवे मिळतात. त्यांतल्या बऱ्याच डब्यांवर ताकदीचा आकडा नीट लिहिलेला नसतो. तो नसेल तर मात्रा मोजता येत नाही, आणि तोंडाच्या साच्यात बसवलेला दिवा टाळूच्या जखमेपर्यंत पोचतोच असंही नाही. पण माझी मुख्य हरकत वेगळी आहे. ते उपकरण तोंडात घालताना-काढताना ओठ आणि गाल ओढले जातात, आणि पहिल्या आठवड्यात ते परवडणारं नाही. एक काका मोठ्या उमेदीने असा दिवा घेऊन आले होते. मॅडमनी त्यांना तो टाके निघेपर्यंत कपाटात ठेवायला सांगितला. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना दाखवून, टाके निघाल्यावर.

टाके निघाल्यानंतर

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. मग अगदी मऊ ब्रश. हिरडीच्या कडेपासून दाताच्या टोकाकडे एकाच दिशेने हळू फिरवायचा: वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. पेन्सिल धरतो तसा तीन बोटांत धरा, मुठीत धरला की जोर येतोच. मी पहिले दोन महिने मुद्दाम डाव्या हाताने घासत होते, म्हणजे घाई करता येत नसे. दर तीन महिन्यांनी ब्रश बदला. केस फाकलेला ब्रश हिरडीला खरचटतो.

निकाल लगेच ठरवू नका. सुरुवातीची सूज उतरली की ग्राफ्ट थोडं आक्रसतं आणि माणूस हिरमुसतो. उलट काहींत पुढच्या महिन्यांत हिरडी आपणहून किंचित पुढे सरकून मुळाचा आणखी थोडा भाग झाकते. माझ्या सुळ्याची मापणी तिसऱ्या महिन्यात दीड मिलिमीटर उघडी अशी आली होती, वर्षाने अर्धा राहिली. थंड पाणी आता पिता येतं.

मापणीला जाताना तो पहिला फोटो आणि प्रकाशाच्या मात्रेची चिठ्ठी दोन्ही घेऊन जा. दुसऱ्या बाजूला कधी ग्राफ्ट करायची वेळ आली तर डॉक्टरांना त्या चिठ्ठीवरून ठरवता येईल की तेच आकडे ठेवायचे की बदलायचे.